पार्टीतली पोरे आणि घरातली माणसे

परभणीच्या स्टेशनसमोर बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन करून आम्ही आत वस्तीत शिरलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. एप्रिलचा शेवटचा आठवडा. परभणीचे ऊन ज्याने अंगावर घेतले आहे त्याला त्याबद्दल वेगळे सांगायला नको. पत्र्याच्या घरात कूलरसमोर चार तरणीताठी पोरे आडवीतिडवी झोपली होती. एकाच्या उशाला ढोलकी, दुसऱ्याच्या पायाशी बेंजोची पेटी. रात्री पूर्णेकडच्या एका गावात जयंतीचा कार्यक्रम झाला होता. साऊंडचे खोके टेम्पोत भरून घरी यायला पहाट झाली. आज रात्री गंगाखेड तालुका, उद्या जिंतूरकडे. चौदा एप्रिलला सुरू झालेला हा फेरा बुद्धपौर्णिमेपर्यंत चालतो, आणि ज्या गावाची जयंती लांबते तिथे पार मे संपेपर्यंत.

गायन पार्टी आपल्या वाचकांना नवी नाही. आम्ही गेलो होतो ते या पार्टीच्या मुख्य गायकाला भेटायला. पोरगा चोवीस वर्षांचा. आसपासच्या पाच-सहा तालुक्यांत त्याचे नाव आहे. बॅनरवर त्याचा फोटो नसेल तर गावची पोरे वर्गणी देताना कुरकुरतात म्हणे. त्याला उठवू नका, असे आम्ही सांगितले, पण तो उठला, आणि "जयभीम" म्हणाला तेव्हा आम्हाला धक्काच बसला. आवाज नव्हताच. घशातून नुसती हवा आली.

"पंधरा दिवस झाले असंच हाय," त्याची आई चहा ठेवता ठेवता बोलली. "डॉक्टर म्हणला, घशात गाठी येऊ लागल्या, महिनाभर गप बसा. महिनाभर गप कसं बसावं वो? सुपाऱ्या घेऊन बसलेत. ते पैसे तर खर्चून बी गेले."

तिने फडताळातून एक वही काढून दाखवली. एका कार्यक्रमाचे पंधरा हजार. त्यातून टेम्पो, साऊंडवाला, ढोलकी, बेंजो, पॅड, कोरसची तीन पोरे, रात्रीचे जेवण जिथे गावाने दिले नाही तिथले जेवण. मुख्य गायकाच्या नावापुढे शेवटी उरले होते नऊशे रुपये. शिवाय दोन गावांनी "पुढच्या महिन्यात देतो" म्हटले होते, ते गेल्या वर्षीच्या पुढच्या महिन्यात. सून माहेरी आहे. लेकरू तीन महिन्यांचे झाले. बापाने त्याला दोनदा पाहिले. सुनेच्या माहेरचे म्हणतात, जावई मोठा माणूस झाला. हे सांगताना माउली हसली, पण ते हसू काही खरे नव्हते.

याच घरात आम्हाला दुसरी एक गोष्ट दिसली, आणि खरे म्हणजे या लेखाचे निमित्त तीच. गायकाची धाकटी बहीण आठवीत शिकते. ती कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसली होती. पडद्यावर सात गोरेगोमटे पोरगे, केस रंगवलेले, एका तालात नाचत होते. "हे कोण?" आम्ही विचारले. तिने आमच्याकडे अशा नजरेने पाहिले की आमचे सारे वय तिच्या डोळ्यांत दिसले. "बीटीएस. कोरियाचे." आईने विचारले, "हे सात जण कोणाची पोरं हायती?" पोरगी म्हणाली, "आई, ते सगळ्या जगाचे हायत." आई म्हणाली, "मंग त्यांच्या माईला काय राह्यलं?"

वाचकहो, हा प्रश्न आम्ही खिशात घालून घेऊन आलो.

परभणीतल्या एका पत्र्याच्या घरात कोरियाची गाणी ऐकली जातात याचे नवल वाटून घेण्याचे दिवस गेले. डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या मराठवाड्यातच, धाराशिव जिल्ह्यातल्या उमरगा भागातील अकरा ते तेरा वर्षांच्या तीन मुलींनी स्वतःच्या अपहरणाचा बनाव केला होता. आम्हाला पळवून नेत आहेत, असा फोन घरी गेला. पोलिसांनी फोनचा माग काढला तर मुली पुण्याकडे जाणाऱ्या एसटीत बसलेल्या. मोहोळला त्यांना उतरवून घेतले. चौकशीत निघाले ते असे, की पुण्यात जाऊन काम करायचे, पैसे साठवायचे आणि कोरियाला जाऊन बीटीएसला भेटायचे! वर्तमानपत्रांनी हसण्यावारी नेले. आम्हाला मात्र त्या पोरींचे हसू आले नाही. भुकेल्या वयात ज्याचे गाणे आपल्यासाठी आहे असे वाटते त्याच्या मागे माणूस चालत जातो. आपल्या आज्या-पणज्या जलसा ऐकायला लेकरू कडेवर घेऊन तीन-तीन कोस चालत गेल्याच होत्या की.

पण ज्या सात जणांना भेटायला या पोरी निघाल्या होत्या, त्यांची हकीकत काय? २०१३ च्या जून महिन्यात हा चमू लोकांपुढे आला. तिथली रीत अशी की कंपनी तेरा-चौदा वर्षांच्या पोरांना निवडते, घरापासून तोडून एका जागी ठेवते, वर्षानुवर्षे गाणे-नाच घोटून घेते. काय खायचे, कोणाशी बोलायचे, हे कंपनी ठरवते. या करारांना कोरियात लोकच 'गुलामीचे करार' म्हणत. २००९ साली एका गाजलेल्या पाच जणांच्या चमूतले तिघे तेरा वर्षांच्या कराराविरुद्ध कोर्टात गेले, तेव्हा कुठे सरकारी आयोगाने सात वर्षांची मर्यादा घातली. बीटीएसच्या सात जणांनी जून २०२२ मध्ये सांगितले की आता चमूचे काम थांबवून एकेकटे काही करू. त्यांचा म्होरक्या त्या वेळी जे बोलला त्याचा मथितार्थ एवढाच होता, की सारखे काहीतरी काढत राहावे लागते, माणूस म्हणून वाढायला सवडच मिळत नाही. जगभर ज्यांची नाणी खणखणत होती त्यांचे हे बोल. त्यानंतर एकेक जण सक्तीच्या लष्करी सेवेत गेला. जून २०२५ पर्यंत सातही जण मोकळे झाले.

ते वाचले म्हणायचे. तिथल्याच 'शायनी' या चमूतला जोंगह्यून १८ डिसेंबर २०१७ रोजी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. त्याने स्वतःच जीवन संपवले. इंग्लंडातल्या 'वन डायरेक्शन'चा लियम पेन १६ ऑक्टोबर २०२४ रोजी अर्जेंटिनात हॉटेलच्या गॅलरीतून पडून मेला, एकतिसाव्या वर्षी. २०१० साली दूरदर्शनवरच्या एका स्पर्धेत पाच अनोळखी पोरांची मोट बांधली गेली तेव्हा हा सोळा वर्षांचा होता. बाहेर चाहत्यांची गर्दी, म्हणून पोरांना हॉटेलच्या खोलीत कोंडून ठेवायचे, आणि खोलीत दारूचे कपाट भरलेले. दारूची सवय अशी लागली, हे त्याने स्वतः पुढे मुलाखतींत सांगितले होते.

दारूचे कपाट नसले तरी आपल्याकडे कार्यक्रमानंतर गायकाच्या हातात काय ठेवले जाते, ते आयोजकांनी स्वतःला विचारावे. मंचावर पंचशील घ्यायचे आणि मंचामागे क्वार्टर सरकवायची, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. 'गायक आहे, त्याला लागते' हे वाक्य आपल्याच माणसांनी किती गळ्यांच्या बाबतीत उच्चारले!

आपल्या चळवळीत पोरांचे चमू नवे नाहीत. आंबेडकरी जलसे हे पोरांचेच चमू होते. गिरणीत, रेल्वेत, गोदीत कामाला असणारी पोरे रात्री हलगी-ढोलकी घेऊन निघत. स्त्रीची भूमिकाही पोरगाच करी. भीमराव कर्डकांच्या जलशाने नाशिक-मुंबईकडे जी जागृती केली तिचे मोल खुद्द बाबासाहेबांनी आपल्या भाषणांच्या बरोबरीने मानले, ही आठवण जुनी माणसे आजही सांगतात. त्या जलशातल्या म्होरक्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे. मागे उभे राहून झील ओढणाऱ्यांची नावे किती जणांना सांगता येतील? त्यांच्या बायकांची तर सोडूनच द्या.

वामनदादा कर्डकांचे नाव मात्र ज्याला ठाऊक नाही असे बौद्ध घर नसेल. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीला १५ ऑगस्ट १९२२ चा जन्म. शाळेचे तोंड न पाहिलेला हा माणूस मुंबईत कोळशाच्या वखारीत, गिरणीत राबला. शिवडीच्या बीडीडी चाळीत मोठेपणी अक्षरे शिकला आणि पुढे हजारोंनी गाणी लिहिली. आज गावागावातला कोरस जे गातो त्यातले निम्मे त्यांचे असेल. घरी काय होते? पहिला संसार मोडला. पोटची लेक लहानपणीच गेली. नंतरच्या आयुष्यात मुक्काम आज या गावी, उद्या त्या गावी, लोकांच्या घरी. आमच्या मराठवाड्यात 'दादा आमच्याकडे राहून गेले' हे अभिमानाने सांगणारी घरे पुष्कळ आहेत. हे आपले प्रेम खरेच आहे. पण ज्याला सारा समाज आपल्या घरी ठेवतो त्याचे स्वतःचे घर कुठे होते, असे तेव्हा फारसे कोणी विचारले नाही. १५ मे २००४ ला दादा गेले.

तीन पोरांच्या आणखी एका चमूची आठवण इथे काढल्याशिवाय राहवत नाही. १९४४ साली मुंबईत लाल बावटा कलापथक निघाले. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर. एक वाटेगावचा मातंग समाजातला, वयाने चोविशीतला. दुसरा बार्शीचा, मूळ नाव मेहबूब पटेल, पहाडी आवाजाचा. कामगारांच्या मैदानात हे तिघे उभे राहिले की गर्दी हलत नसे. सरकारने बंदी घातली, तरी नाव बदलून, रूप बदलून गाणे चालू राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात तर यांच्या डफावर सारा मुलूख उभा राहिला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आणि मग? ज्यांच्या गळ्यावर राज्य आले त्यांचे गळे राज्याला नकोसे झाले. अण्णाभाऊ घाटकोपरच्या चिरागनगरात झोपडीतच राहिले. त्यांनी 'फकिरा' ही कादंबरी बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, तिला राज्याचा पुरस्कार मिळाला, १९६१ ला रशियाला जाऊन आले. परत आले ते त्याच झोपडीत. शेवटची वर्षे हलाखीत आणि व्यसनात गेली. १८ जुलै १९६९ रोजी ते वारले, एकोणपन्नास पुरे व्हायला दोन आठवडे होते. त्यानंतर बेचाळीसच दिवसांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख इंदापूरजवळ मोटार अपघातात गेले. दीड महिन्यात तिघांतले दोन गळे बंद झाले.

अमर शेखांची लेक मलिका तेव्हा बारा-तेरा वर्षांची होती. पुढे ती नामदेव ढसाळांची पत्नी झाली. म्हणजे आधी नामांकित बाप, मग नामांकित नवरा. १९८४ च्या सुमारास तिने 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' हे आत्मकथन लिहिले. ज्याच्या नावाने बाहेर घोषणा होतात त्या माणसाचे घर आतून कसे असते, हे एवढ्या उघडपणे सांगणारे पुस्तक मराठीत विरळा. त्यावर त्या काळी पुष्कळ जण रागावले. आम्हीही त्या वेळी घरात हे पुस्तक लपवून वाचणारी माणसे पाहिली आहेत. आमचे मत आता विचाराल तर सांगतो, ते पुस्तक प्रत्येक गायन पार्टीच्या पोराने लग्नाआधी वाचावे.

आणि विलास घोगरे. हे नाव लिहिताना हात जड होतो. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारा शाहीर. दोन पैशांसाठी दुसऱ्यांसाठीही गाणी लिहून देणारा, आणि कामगारांच्या, झोपडीवाल्यांच्या मोर्चात बिनपैशाने गाणारा. आनंद पटवर्धनांच्या १९८५ च्या 'हमारा शहर' या चित्रपटात त्यांचा आवाज देशाबाहेरही गेला. आव्हान नाट्यमंचाच्या पोरांत ते गात होते. पुढे मंचानेच त्यांना दूर केले. तुटलेपणाचा हा काटा आत होता. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात पुतळ्याची विटंबना झाली, लोक रस्त्यावर आले आणि राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मारले गेले. चार दिवसांनी, १५ जुलैला, विलास घोगरेंनी आपल्या झोपडीत जीवन संपवले. कपाळाला निळी पट्टी बांधलेली होती. पटवर्धनांनी त्यांचा शोध घेत चौदा वर्षे चित्रण केले, त्यातून २०११ चा 'जयभीम कॉम्रेड' झाला.

त्यांना हुतात्मा म्हणणे सोपे आहे, आणि आपण ते म्हणतोच. पण त्या चार दिवसांत, आणि त्याआधीच्या कित्येक महिन्यांत, 'शाहीर, जेवलास का? झोप लागते का?' असे विचारणारे कोण होते? हजारोंना रडवणाऱ्या माणसाला आपले रडणे कुठे नेऊन ठेवावे हे कळत नाही. शाहीर खंबीर असलाच पाहिजे, हे आपणच ठरवून टाकलेले. मन असे भरून आलेले कोणी घरात, पार्टीत दिसले तर आता सरकारचा 'टेलिमानस' हा फोन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते. नंबर फळीवर खडूने लिहून ठेवावा.

ज्यांच्या गाण्याने सत्तेला खुपते त्यांच्या घराला आणखी वेगळी किंमत द्यावी लागते. पुण्याच्या कबीर कला मंचातले सचिन माळी आणि शीतल साठे २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनापुढे पोलिसांच्या स्वाधीन झाले. शीतलताई तेव्हा गरोदर होत्या. त्यांना उच्च न्यायालयाने जामीन दिला. सचिनला सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळायला जानेवारी २०१७ उजाडले. मूल तोवर चालू-बोलू लागले होते. त्याच मंचातले सागर गोरखे, रमेश गायचोर आणि ज्योती जगताप यांना सप्टेंबर २०२० मध्ये अटक झाली.

आता पुन्हा परभणीच्या त्या घरात येऊ. आम्ही काही डॉक्टर नव्हे, पण कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना विचारून आलो. सतत ओरडून गायल्याने स्वरतंतूंवर गाठी येतात; सुरुवातीलाच आवाजाला विश्रांती दिली, पाणी भरपूर प्यायले, गाण्याची रीत सुधारली तर त्या बहुधा शस्त्रक्रियेविना बऱ्या होतात. घसा बसला म्हणून कुजबुजत बोलू नये, त्याने ताणच पडतो. तीन आठवड्यांवर आवाज बसलेला राहिला तर नळी घालून तपासून घ्यावा; तंबाखू, गुटखा खाणाऱ्याने तर अजिबात थांबू नये, कारण तिथे गाठ कसली हे पाहावेच लागते. मुख्य म्हणजे, मॉनिटरचा खोका गायकाकडे तोंड करून नसेल तर त्याला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही आणि तो आणखी ओरडतो. साऊंडवाल्याला हे सांगायला पैसे पडत नाहीत.

त्या पोराला आम्ही विचारले, दोन गायक ठेवून आळीपाळीने का गात नाही? त्याने हाताने खूण केली, बॅनरवर फोटो माझा आहे. मग पाटीवर लिहून दाखवले: 'लोक मलाच मागतात.' वय चोवीस. आमच्याजवळ यावर उत्तर नव्हते.

पैशाची बाजू मात्र सांगता येण्यासारखी होती. आयोजकाकडून रक्कम, तारीख आणि सही असलेली साधी चिठ्ठी घ्यावी; उरलेली बिदागी मंचावर चढण्याआधी. गाणे कंपनीला किंवा यूट्यूबवाल्याला देताना कोऱ्या कागदावर सही करू नये. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा हक्क करारात लिहून काढून घेता येत नाही. आणि पत्रिका, बॅनरचे फोटो, वर्तमानपत्रातली कात्रणे जपून ठेवावीत. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधन योजनेला आता राजर्षी शाहू महाराजांचे नाव आहे. २०२४ पासून तिच्यात दरमहा ५,००० रुपये ठरले. पन्नाशीनंतर अर्ज करता येतो आणि केलेल्या कामाचे पुरावे मागतात. आपल्या कितीतरी जुन्या गायकांजवळ पुरावा म्हणून नुसता फाटका गळा उरतो. पंचायत समितीत चौकशी करावी.

माउलीने हे सारे ऐकले आणि उठून पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत तिच्या नवऱ्याच्या, म्हणजे या गायकाच्या बापाच्या, जयंतीच्या पत्रिका होत्या. तोही गायचा. नामांतराच्या दिवसांत मराठवाड्यातल्या गावोगाव त्याची पार्टी फिरली होती, १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तेव्हा गुलाल खेळून आलेला माणूस दोन दिवस झोपला होता, असे तिने सांगितले. तो गेला त्याला आता अकरा वर्षे झाली. दारूचे नाव तिने घेतले नाही. आम्हीही विचारले नाही. पत्रिकांच्या तळाशी एक कॅसेट होती, पट्टी बाहेर आलेली. "वाजवायला मशीन कुठं हाय आता," ती म्हणाली, आणि पट्टी बोटाने आत सारत बसली.

संध्याकाळी टेम्पो आला. पोरे उठली, तोंडे धुतली, निळे फेटे गुंडाळून पिशवीत घातले. गायकाने मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या. निघताना त्याने कोरसच्या पोराला, तो जेमतेम अठराचा असेल, हाताने जवळ बोलावले आणि गाण्यांची वही त्याच्या हातात दिली. पहिली तीन गाणी तू, अशी खूण केली. त्या पोराचा चेहरा आनंदाने फुलला. माउली दारात उभी होती, ती त्या पोराकडेच बघत होती.

धाकटीने मोबाईल पुढे करून आईला विचारले, "आई, हा बघ, हा लष्करातून आला, केस किती बारीक केलेत." आईने मोबाईल हातात घेतला, लांब धरून नीट पाहिला आणि म्हणाली, "वाळलाय गं."